ओळख नसलेल्या गावात नोकरी शोधताना

रविवारी सकाळी तर्री-पोहे आणायला निघालो की परत येईपर्यंत दारात कुणीतरी उभं असतं. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. "काका, बायोडाटा पाहून द्या ना जरा." टोरांटोकडे नऊ वर्षं काढून मी नागपूरला परत आलो हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. परत का आलो हे कोणी विचारत नाही. जायचं कसं, हे मात्र सगळ्यांनाच विचारायचं असतं.

गेल्या महिन्यात आलेला मुलगा मूळचा गडचिरोली जिल्ह्यातला, धानोरा तालुक्याचा. घरी गोंडी, आश्रमशाळेत मराठी, नागपूरला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग केलं ते इंग्रजीत, आणि बुटीबोरीच्या कारखान्यात चार वर्षं मेंटेनन्स करतो तिथे सगळा कारभार हिंदीत. आता त्याला कॅनडात अर्ज करायचे होते. मनात आलं, हा पोरगा विमानात बसायच्या आधीच तीनदा परदेशी जाऊन आलाय.

त्याचा बायोडाटा चार पानांचा होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे टाइप केलेला. वर मधोमध जाड अक्षरात 'बायोडाटा', उजवीकडे निळ्या पडद्यापुढचा फोटो. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. दहावीपासूनच्या टक्क्यांचा तक्ता. छंद: वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. शेवटी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं इंग्रजीत प्रतिज्ञापत्र, ठिकाण, दिनांक, सही. एवढ्या पसाऱ्यात चार वर्षांच्या कामाला दीड ओळ: सर्व प्रकारच्या मेंटेनन्सची जबाबदारी.

मी पेन घेतलं आणि फोटोपासून खोडायला सुरुवात केली. पोरगा घाबरला. "काका, हे सगळं काढलं तर राहील काय?"

प्रश्न बरोबर होता. आपला बायोडाटा सरकारी अर्जाच्या पोटातून जन्मलाय. मी कोण, कुणाचा, कुठला, आणि मी खोटं बोलत नाही, एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं. कॅनडा, अमेरिका किंवा ब्रिटनमधला रेझ्युमे ही दुकानाची पाटी असते: आत काय मिळतं ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे. शिवाय तिथे धर्म, वंश, लिंग यांवरून नोकरी नाकारायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने. त्यामुळे तुम्ही न विचारता जात-धर्म-लग्न लिहून पाठवलंत की समोरचा एचआरवाला अवघडतो. उद्या कोणी म्हणालं, हे वाचून तुम्ही नाकारलं, तर? इथे जे प्रामाणिकपणाचं लक्षण, ते तिथे नसती ब्याद. जर्मनीतही २००६ पासून भेदभावविरोधी कायदा आहे, पण फोटो लावायची पद्धत तिथे अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. म्हणजे सगळा 'परदेश' एकसारखा नसतो, हेही पोरांना सांगावं लागतं.

मग मी त्याला विचारलं, चार वर्षांत केलंस काय?

"काही नाही काका. जे बिघडलं ते नीट करत राहिलो."

अर्धा तास खोदल्यावर निघालं ते असं. कारखान्यातल्या एका कॉम्प्रेसरची मोटार दर उन्हाळ्यात जळायची. दोन उन्हाळ्यांत तीन मोटारी गेल्या. सगळे म्हणायचे, नागपूरचा मे महिना आहे, जळणारच. यानं एकदा तिन्ही फेजचा करंट मोजला तर एका फेजवर कमी. पॅनेल उघडून पाहिलं तर एक लग, म्हणजे वायरच्या टोकाची जोडणीची पट्टी, सैल, तापून काळा पडलेला. कनेक्शन नीट केलं, फेज गेली की मोटार आपोआप बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायला लावला, आणि दर महिन्याला सगळे लग तपासायची एक वही सुरू केली. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत एकही मोटार जळली नाही.

"मग हे का नाही लिहिलं?"

"आम्ही केलं ते. मी एकट्यानं थोडीच केलं."

आम्ही म्हणजे कोण, तर तो आणि एक वायरमन.

इथे थोडं थांबू, कारण पुढे मुलाखतीत आपण मार खातो तो याच जागी. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणारा माणूस फुशारक्या मारणारा ठरतो. 'झालं आमच्याकडून', 'साहेबांचं मार्गदर्शन होतं' असं बोलायला आपल्याला लहानपणापासून शिकवतात. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या कोणी ऑफिसात गेलेलं नाही तिथे तर स्वतःचं काम सांगणं म्हणजे निर्लज्जपणाच. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला वायरमनशी घेणं-देणं नसतं. समोर बसलेल्या माणसाचा हात कशाला लागला, हे त्याला समजून घ्यायचं असतं. तिथे मुलाखतीची एक ठरलेली चाल आहे, तिला 'स्टार' म्हणतात. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. चार वाक्यं. मोटारीची गोष्ट या चालीत आपोआप बसते. गोष्ट त्याच्याकडे होतीच. ती सांगण्यासारखी आहे, हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'ओळख' हा शब्द फार कामाचा आहे. तुम्ही कोण, ती तुमची ओळख. आणि तुम्ही कुणाला ओळखता, तीही ओळख. परक्या गावात माणूस पोचतो तेव्हा दोन्ही एका झटक्यात जातात. त्याची पदवी कोणी ओळखत नाही, आणि तो कुणाला ओळखत नाही. नागपुरात 'व्हीएनआयटीचा आहे' म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. टोरांटोत ती चार अक्षरं म्हणजे चार अक्षरंच. स्थलांतरितांच्या करिअरबद्दल जेवढा सल्ला दिला जातो तो शेवटी या दोन ओळखी परत कशा कमवायच्या याचाच असतो.

आधी पहिली ओळख, कागदांची.

कामाचे दोन प्रकार असतात. काही व्यवसायांना तिथल्या नियामक संस्थेचा परवाना लागतो: डॉक्टर, नर्स, वकील, शाळाशिक्षक, आणि कॅनडात इंजिनिअरसुद्धा. बाकीच्यांना लागत नाही. सॉफ्टवेअर, हिशेब, विक्री, गोदाम यांत मालकाला पटलं की झालं. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, परवाना नसताना स्वतःच्या नावापुढे 'प्रोफेशनल इंजिनिअर' लावणं कायद्याविरुद्ध आहे. मला हे तिथे पोचल्यावर कळलं, व्हिजिटिंग कार्ड छापून झाल्यावर.

माझ्या वेळी त्या परवान्यासाठी कॅनडातलाच अनुभव लागायचा. अनुभवाशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय अनुभव नाही. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने 'कॅनडातला अनुभवच हवा' हा हट्ट सकृतदर्शनी भेदभाव आहे असं २०१३ मध्येच म्हटलं होतं. इंजिनिअरांच्या संस्थेने ती अट मे २०२३ मध्ये काढली, आणि १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या तिथल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातींत अशी अट छापायलाच बंदी आली. नियम असे हलतात, म्हणून दहा वर्षांपूर्वी गेलेल्या काकांचा सल्ला, माझ्यासकट, तारीख पाहून घ्यावा.

जर्मनीला जाणाऱ्या नर्सेस सध्या नागपुरातही बऱ्याच भेटतात. तिथे आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. कमी भरला तर रुग्णालयात काही महिन्यांचं पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. आणि भाषा बी-टू पातळीची. ही पातळी म्हणजे दुकानात भाजी घेण्याइतकी जर्मन नव्हे. रात्री दोनला घाबरलेल्या म्हाताऱ्या पेशंटचं बोलणं समजून डॉक्टरला फोनवर सांगता येईल इतकी. तीन महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या पायऱ्याही चढू नका.

कागदांचं काम इथे असतानाच उरकावं. कॅनडासाठी पदवीचं मूल्यमापन लागतं, आणि ते करणाऱ्या संस्थांना गुणपत्रकं बहुधा थेट विद्यापीठाकडून, बंद पाकिटात हवी असतात. तिथे गेल्यावर मग धाकट्या भावाला विद्यापीठाच्या खिडकीवर पाठवत बसावं लागतं, आणि भावाचा उत्साह तिसऱ्या चकरेला संपतो.

पण कागदांत सगळ्यात जास्त छळतं ते नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. तिथलं कॉम्प्युटर पहिला शब्द म्हणजे नाव असं धरून चालतं. माझा पहिला ऑफिस ईमेल पदवीवरच्या क्रमाने तयार झाला, आणि दोन वर्षं लोक मला माझ्या वडिलांच्या नावाचा माणूस समजत होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते खूश.

बायकांचं याहून अवघड. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. परदेशातल्या कारकुनाच्या लेखी या दोन वेगळ्या बाया. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र हे दोन कागद सोबत नसतील तर महिने जातात. लग्न ठरत असेल आणि परदेशही ठरत असेल, तर नाव न बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. घरी सांगायला अवघड जातं, मान्य.

अर्धवट ओळखीचे लोक

आता दुसरी ओळख. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारलं होतं, ही नोकरी तुम्हाला कुणामुळे कळली? निम्म्याहून जास्त लोकांना ओळखीतून कळली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ती ओळख किती घट्ट होती? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यापैकी, ज्याने खबर दिली त्या माणसाला वरचेवर भेटणारे सहांत एकच. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. १९७३ मध्ये त्याने हे मांडलं. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निकाल आले. त्यातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडले ते ना जिवलग, ना अगदी परके. मधले, अर्धवट ओळखीचे.

कारण सोपं आहे. तुमच्या जिवलगांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं होतो. गणपती, संक्रांत, कुणाचं डोहाळजेवण. त्यांनी मला पहिली खोली मिळवून दिली, प्रेशर कुकर दिला, थंडीत कुठले बूट घ्यायचे ते सांगितलं. हे कमी नाही. त्याशिवाय पहिला हिवाळा निघाला नसता. पण त्यांच्याकडून नोकरीची एकच खबर मिळायची, ती म्हणजे ते स्वतः लागले होते ती गोदामातली रात्रपाळी. नोकरी लागली ती एका फिलिपिनो गृहस्थामुळे. रात्रशाळेच्या एका कोर्सला तो माझ्या शेजारी बसायचा. आमचं बोलणं सहा महिन्यांत मोजून पाच-सहा वेळा झालं असेल.

म्हणून आपल्या लोकांना धरून राहा, पण संध्याकाळ त्यांच्यातच संपवू नका. कोर्स, कामगार संघटना, शाळेतल्या पालकांच्या बैठका, स्वयंसेवा, क्रिकेटचा क्लब. जिथे अर्धवट ओळख होते तिथे जा.

अनोळखी माणसाला लिहायची कलाही शिकावी लागते. आपली पोरं लिंक्डइनवर पाठवतात: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम इन अर्जंट नीड ऑफ जॉब, प्लीज फाइंड अटॅच्ड रेझ्युमे अँड डू द नीडफुल.' वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस माझ्या गळ्यात पडतोय. त्याऐवजी असं काही: 'तुम्हीही भारतातून येऊन कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये शिरलात असं दिसलं. मी तेच करायच्या प्रयत्नात आहे. आधी परवान्याच्या मागे लागावं की टेक्निशियन म्हणून सुरुवात करावी, एवढाच प्रश्न आहे. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' नोकरी मागितली की माणूस पळतो. अनुभव विचारला की बसून सांगतो, आणि हे जगात सगळीकडे सारखंच. सीताबर्डीवरच्या चहाच्या टपरीवर पारखून पाहा. पंधरा मिनिटं संपली की आभार माना आणि दोन महिन्यांनी कळवा की तुमच्या सल्ल्याचं पुढे काय झालं. हे दुसरं पत्र फारच थोडे लोक लिहितात.

'हो' म्हणजे काय

ऑफिसातल्या न लिहिलेल्या नियमांवर पुष्कळ सांगता येईल, पण मी एकाच शब्दावर थांबतो, कारण तो मला महागात पडला. तिथल्या एका कंपनीत मॅनेजर मला एक काम समजावत होता. मी मान डोलावत 'येस, येस' म्हणत होतो. आपल्याकडे त्याचा अर्थ, ऐकतोय, बोला. त्याने अर्थ घेतला, शुक्रवारपर्यंत होईल. शुक्रवारी काम नव्हतं. मला वाटलं, पुन्हा आठवण करतील. त्याला वाटलं, हा माणूस शब्दाचा पक्का नाही. ओरडला नाही. पुढचं महत्त्वाचं काम दुसऱ्याला दिलं, एवढंच. ओरडला असता तर लवकर कळलं असतं.

साहेबाला 'नाही' म्हणायची आपली सवय नाही. 'बघतो', 'करून टाकू', 'प्रयत्न करतो' यांतून नागपुरातल्या साहेबाला नकार बरोबर ऐकू येतो. तिथे ऐकू येत नाही. 'शुक्रवारी जमणार नाही, मंगळवारी देतो' हे वाक्य तोंडात बसायला मला वर्ष लागलं.

ही गंमत फक्त परदेशाची नाही. नागपूरहून पुण्यात गेलेल्या पोरांना विचारा. 'मी सध्या कोर्स करून राहिलो' म्हटलं की समोरचा गालात हसतो. 'करून राहिलो'त हसण्यासारखं काही नाही. आपल्या भागात लाखो लोक असंच बोलतात आणि त्यांचं सगळं व्यवस्थित चालू आहे. पण मुलाखत घेणारा ज्या घरात वाढला तिथली भाषा त्याला 'शुद्ध' वाटते आणि बाकीच्यांची 'बोली'. कंपन्या ज्याला 'कल्चर फिट' म्हणतात त्यात कामाच्या पद्धतीपेक्षा हेच जास्त असतं: हा आपल्यासारखा बोलतो का, आपल्यासारखा हसतो का. मुलाखतीपुरती 'करतोय' वापरा. मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालतो तसंच हे. घरी येऊन बनियनवर बसायला कोणी मनाई केलेली नाही.

जिथे दोष तुमचा नसतो

इथवर सांगितलं ते शिकून जमण्यासारखं होतं. पण काही दारं शिकूनही उघडत नाहीत, आणि ते न सांगता नुसता 'मेहनत करा'चा सल्ला देणं ही मला लबाडी वाटते.

अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये एकसारखे रेझ्युमे पाठवले. फरक फक्त नावाचा. २००४ मध्ये निकाल आले: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी. टोरांटोत केलेल्या अशाच प्रयोगात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, इंग्रजी नावांना भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त बोलावणी आली. लोक यावर मान डोलावतात, गोरे असेच म्हणून. मग मी तिसरा सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या वर्तमानपत्री जाहिरातींना, खासगी कंपन्यांना, असेच अर्ज पाठवले. सगळे उमेदवार तोलामोलाचे, नावं सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम. २००७ मधला निकाल: बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. हे टोरांटोतलं नाही, इथलं आहे. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मुस्लिम किंवा इंदोऱ्यातल्या दलित पोरांना यासाठी अभ्यासाची गरज नव्हती, पण आकडा हातात असलेला बरा.

आकड्याचा उपयोग काय? पहिला, रात्री झोप लागते. साठ अर्ज गेले, उत्तर नाही, की माणूस स्वतःतच खोट शोधत बसतो. थोडी खोट बाजारात आहे हे माहीत असलेलं बरं. दुसरा, त्याप्रमाणे आखणी करता येते. नावावरची चाळणी सर्वांत कडक असते ती ढिगातून रेझ्युमे उचलण्याच्या टप्प्यावर. आतल्या माणसाने 'याच्याशी बोला' म्हटलं की तो टप्पा टळतो. अर्धवट ओळखी कमवायच्या त्या यासाठीसुद्धा.

नाव बदलावं का? हा प्रश्न हमखास येतो. उच्चार सोपा करायला 'माझं नाव असं म्हणा' सांगणं वेगळं आणि 'सॅम' होणं वेगळं. सॅम होऊन काही जणांना फोन आले हे खरं आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी झालो नाही. त्यात तत्त्व वगैरे फारसं नव्हतं, मला त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळलोच नसतो.

नागपूरच्या माणसाला यातला एक पदर वेगळा सांगायची गरज नाही, तरी सांगतो. परदेशात आपलीच माणसं आडनाव विचारतात, मग 'मूळ गाव कोणतं', मग 'तिथे कुठल्या भागात'. तिसऱ्या प्रश्नाला काय शोधलं जातंय ते दोघांनाही ठाऊक असतं. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदीचा वटहुकूम केला, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. भारतात मात्र खासगी नोकरभरतीत भेदभाव रोखणारा एक सर्वसमावेशक कायदा अजून नाही.

दीक्षाभूमीवरून जाताना मला बाबासाहेबांच्या आयुष्यातले बडोद्याचे दिवस आठवतात. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, मग लंडन. कराराप्रमाणे नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्याला आले. राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. कचेरीत शिपाई फायली हातात न देता टेबलावर टाकायचे. जगातल्या उत्तम विद्यापीठाची पदवी आणि आपल्याच देशात हे. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. 'पात्रता असली की सगळं मिळतं' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मला तो बडोद्याचा मुक्काम आठवतो.

त्यांच्यासारखी शिष्यवृत्तीवर जायची वाट आजही आहे, आणि माझ्या मते ती थेट नोकरीवर जाण्यापेक्षा बरी, कारण तिथली पदवी आणि तिथल्या ओळखी दोन्ही एकदम मिळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, आदिवासी विकास विभागाची वेगळी आहे. जागा मोजक्या, त्यामुळे जाहिरात यायच्या आधीच तिथल्या विद्यापीठाचं प्रवेश दिल्याचं पत्र आणि दाखले तयार हवेत.

पैशाचं थोडं

एजंटाबद्दल दोनच गोष्टी. परदेशात कामगार पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालचा परवाना हवा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर अशा परवानाधारकांची यादी आहे, आणि तो तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर तिथला परवाना लागतो, तीही यादी इंटरनेटवर खुली आहे. मी जाण्याआधी शहरातल्या एकाला ऐंशी हजार दिले होते, 'ऑफर लेटर'साठी. पत्रावरचा कंपनीचा ईमेल जीमेलचा होता. इंजिनिअर असून माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला नको होतं.

पगाराचं: 'आत्ता किती मिळतं?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. कॅलिफोर्नियात मालकाने तो विचारायला २०१८ पासून बंदी आहे. ओंटारिओत २०२६ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला जाहिरातीत पगाराची श्रेणी छापावी लागते. तेव्हा बुटीबोरीच्या पगाराला डॉलरने भागून आकडा सांगू नका. छापलेली श्रेणी पाहा आणि तिच्या वरच्या अर्ध्यातला आकडा न अडखळता बोला, मग गप्प बसा. गप्प बसणं सर्वांत कठीण. आपल्याला लगेच 'म्हणजे थोडं कमी-जास्त चालेल' म्हणायची घाई होते.

आणि पहिली नोकरी दोन पायऱ्या खालची मिळाली तर घ्यावी का? घ्यावी, भाडं थांबत नाही. मी सात महिने गोदामात रात्रपाळी केली. चूक कुठे झाली, तर दिवसा झोपायचो, आणि मुलाखती दिवसा असतात. पाळी निवडता आली तर दुपारनंतरची निवडा. काम निवडता आलं तर आपल्या धंद्याच्या जवळचं: इलेक्ट्रिशियनला पिझ्झा पोचवण्यापेक्षा वायर-स्विच विकणाऱ्या दुकानाचा काउंटर बरा. तिथे रोज ठेकेदार येतात, आणि प्रत्येक ठेकेदार म्हणजे एक अर्धवट ओळख.

त्या मुलाचा बायोडाटा दीड पानावर आला. मोटारीची गोष्ट तीन ओळींत, सर्वांत वर. भाषांच्या रकान्यात त्याने इंग्रजी, हिंदी, मराठी लिहिलं होतं. "गोंडी?" मी विचारलं. "ते कुठं लागते काका." नोकरीला लागणार नाही कदाचित, मी म्हटलं, पण चार भाषांत काम करणारा माणूस आणि तीन भाषांत करणारा, यांत जास्त कोण? त्याने थोडा विचार केला आणि पेनने शेवटी जोडलं.

तासाभराने त्याचा झेरॉक्सच्या दुकानातून फोन आला. मागून दुकानदाराचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता: "अबे, फोटो नाही, बापाचं नाव नाही, खाली डिक्लेरेशन नाही. हे का बायोडाटा होय? हे सगळं घालून देऊ का मी?"